पुरात भाड्याचं घर गेलं तर चावी देण्याआधी हे वाचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरातल्या आमच्या शाहूपुरीतल्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी तीन गोष्टी घेऊन बाहेर पडलो, पोरीचं दप्तर, आईच्या गोळ्या आणि गॅसचं पुस्तक. भाड्याचं अॅग्रीमेंट कपाटातच राहिलं. पाणी उतरल्यावर परत आलो तर दार उघडेना, आतनं दिवाण फुगून दाराला आडवा आलेला, दोघांनी खांदा लावून ढकललं तेव्हा कुठं आत पाय टाकता आला. गाळ घोट्यापर्यंत, आणि चारी भिंतींवर माझ्या खांद्याच्या वर एक सरळ तपकिरी रेघ, जणू कुणी दोरी धरून मारलीय. घरमालक काका जिन्यात बसलेले, खालचं त्यांचं गोडाऊनपण गेलेलं. त्यांचा चेहरा बघून मला काय बोलायचं सुचेना, मी चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं काका, बाकीचं नंतर बसून बोलू.

ते "नंतर" पाच महिने चाललं. तुम्ही मुदतीआधी स्वतःहून घर सोडलं, एक महिन्याची नोटीस दिली नाही, रंगाचा खर्च तुमचा, असं करत करत ३०,००० डिपॉझिटमधले ११,००० हातात आले. काका वाईट माणूस नव्हते, त्यांचंही नुकसान मोठं होतं, पण घर सोडताना काय ठरलं याची आमच्या दोघांत कागदावर एक ओळ नव्हती त्यामुळं ज्याच्याकडं पैसे होते त्याचं खरं झालं. त्यानंतर वकील मित्राकडं बसून मी हे सगळं समजून घेतलं आणि तेव्हापासून नवीन माणूस कोल्हापुरात घर बघायला आला की त्याला हेच सांगतो. विद्यापीठात शिकायला आलेली पोरं, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत लागलेले, बदलीवर आलेले बँकवाले, यांना पुराची सवय नसते आणि कायद्याची तर नाहीच नाही, म्हणून लिहितोय.

घर घेतानाच करायचं काम

घर बघायला गेला की एजंटला नको, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारा, "२०१९ ला आणि २०२१ ला पाणी इथं कुठवर आलतं?" तो हात करून दाखवतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलतं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा, सुतारवाडा, दुधाळी या भागात तळमजला घेत असाल तर विचारायला लाजू नका. घरात अशी काही धोक्याची खोट आहे जी मालकाला माहीत आहे आणि तुम्हाला कळायला मार्ग नाही, तर ती सांगायची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे, पण सांगितलं की नाही हे नंतर भांडण्यापेक्षा आधी व्हॉट्सअॅपवर विचारून ठेवा, उत्तर आपोआप लेखी होतं.

दुसरं म्हणजे अॅग्रीमेंट. आपल्याकडं अजूनही पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं अशी समजूत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचा) करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, नोंदवायची जबाबदारी मालकाची, नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की करार नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. हे मला २०१९ ला माहीत असतं तर नोटीस पिरियड वगैरे मी ऐकूनच घेतलं नसतं. मालकांनीपण हे वाचावं, कारण न नोंदवण्यात खरा तोटा त्यांचाच आहे. खर्च तरी किती, एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून होणारं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी, आणि आता आधार आणि अंगठा लावून ऑनलाइन होतं, एजंट आपला आकार वेगळा घेतो.

करारात एक ओळ मुद्दाम घालून घ्या : "पूर, आग, भूकंप अशा कारणानं घर राहण्यायोग्य न राहिल्यास त्या दिवसापासून भाडं बंद, आणि भाडेकरूनं घर सोडायचं ठरवल्यास नोटीस पिरियड लागू नाही, डिपॉझिट १५ दिवसांत परत." मालक सहसा नाही म्हणत नाही, कारण त्या वेळी पूर कुणाच्याच डोक्यात नसतो. ही ओळ असली की खालचं निम्मं वाचायचीपण गरज नाही.

आधी बघा तुम्ही नेमके कोण

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच लोक गडबडतात. आपण सरसकट भाडेकरू म्हणतो, पण कायद्यात दोन वेगळी माणसं आहेत. आजकाल ११ महिन्यांचा जो करार होतो तो बहुतेक लिव्ह अँड लायसन्स असतो, म्हणजे मालकानं तुम्हाला फक्त राहायची परवानगी दिलीय. तुम्ही लायसन्सी. दुसरे म्हणजे शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात आजोबांच्या काळापासून राहणारे, ते खरे भाडेकरू, आणि भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मुख्यतः त्यांना.

लायसन्सी असाल तर १८८२ चा सुविधाधिकार कायदा लागतो. त्यात कलम ६२ मध्ये लिहिलंय की मालमत्ता नष्ट झाली किंवा माणसाच्या आवाक्याबाहेरच्या कारणानं कायमची अशी बदलली की परवानगीचा वापरच करता येणार नाही, तर लायसन्स संपल्यातच जमा. मग उरलेल्या महिन्यांचं भाडं मागायला जागा राहत नाही. पण "कायमची" हा शब्द ध्यानात ठेवा. भिंत पडली, स्लॅब लटकला, ते एक. नुसता गाळ आला आणि पंधरा दिवसात धुऊन रंगवून राहता येतंय, ते वेगळं, तिथं कायद्याचा आडोसा घेण्यापेक्षा करारातली ओळ किंवा समोरासमोर बोलणं हेच कामाला येतं. आणि मालकानं तुमची काही चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढलं, तर पैसे भरून घेतलेल्या लायसन्ससाठी भरपाई मागता येते.

भाडेकरू असाल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, तोही १८८२ चा, कलम १०८. आग, वादळ, पूर यानं घराचा महत्त्वाचा भाग पूर्ण गेला किंवा कायमचा निकामी झाला तर भाडेपट्टा रद्द करायचा की ठेवायचा हे भाडेकरूनं ठरवायचं, मालकानं नाही. अट एकच, नुकसान भाडेकरूच्या चुकीनं झालेलं नसावं. म्हणजे शेगडी चालू ठेवून गावाला गेलात आणि घर पेटलं तर हे सगळं विसरा, उलट मालक तुमच्याकडनं वसूल करेल आणि ते बरोबरच आहे.

त्याच कलमात आणखी एक आहे. घर जसं घेतलं तसं परत करायचं, पण रोजच्या वापरानं झालेली झीज आणि आवाक्याबाहेरच्या कारणानं झालेलं नुकसान सोडून. माझ्या डिपॉझिटमधनं रंगाचे पैसे कापले ना, ती भिंत पंचगंगेनं रंगवली होती, मी नाही. लिव्ह लायसन्सच्या करारातही बहुतेक हेच वाक्य असतं, नैसर्गिक झीज सोडून म्हणून, शोधा आणि त्याच्याखाली रेघ मारा.

पाणी उतरल्यावर पहिले दोन दिवस

आत जायच्या आधी मेन स्विच बंद आहे का बघा. मीटर बुडालेला असेल तर स्वतः काही करू नका, महावितरणला १९१२ वर कळवा आणि वायरमननं बघितल्याशिवाय लाईट चालू करू नका. भिंत फुगलेली, दरवाजाच्या चौकटीला तिरकी भेग, स्लॅबची सळी दिसतेय असं काही असेल तर आत झोपायला जाऊ नका, विशेषतः जुन्या दगडमातीच्या घरात, कारण या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात आणि वाळायला लागल्या की बसतात.

मग झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाईल घ्या. गेटपासून सुरुवात करून एकाच सलग व्हिडिओत सगळ्या खोल्या, तोंडानं तारीख आणि पत्ता बोला. भिंतीवरची रेघ टेप लावून दाखवा. फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप यांच्या मागचा नंबर येईल असा फोटो. कपाट, पंखे, गिझर यातलं मालकाचं काय आणि तुमचं काय हे वेगवेगळं बोलून घ्या, कारण सामान आणि वास्तू यांचा हिशेब पुढं सगळीकडं वेगळा होतो. आम्ही पहिल्या दिवशीच सगळं रस्त्यावर काढलं, महापालिकेचा डंपर उचलून घेऊन गेला आणि पंचनाम्याला माणूस आला तेव्हा दाखवायला रिकामी खोली. आता स्वच्छता थांबवा असं म्हणत नाही, रोगराई होते, पण अर्धा तास फोटोला द्या.

पंचनामा आला की घरात तुमचं माणूस पाहिजे. महसूल किंवा महापालिकेचे कर्मचारी येतात, बऱ्याचदा मालकाचं नाव लिहून पुढं जातात. तुम्ही सांगायचं की इथं भाड्यानं आम्ही राहतो, कुटुंबाचं नाव वेगळं लिहा. घर पडल्याची मदत ज्याचं घर त्याला, पण कपडे भांडी आणि संसाराच्या नुकसानीची मदत जो कुटुंब म्हणून तिथं राहत होता त्याला, आणि २०१९ ला शहरात ती कुटुंबामागं १५,००० होती, गावाकडं १०,०००. पुरावा म्हणून अॅग्रीमेंट, आधारवरचा पत्ता, गॅसचं पुस्तक, पोराच्या शाळेचा दाखला, काहीही चालवून बघा. माझं गॅसच्या पुस्तकावर निभावलं. आणि मालकांना विनंती, तुमच्या भाडेकरूचं नाव तुम्हीच सांगा, त्यानं तुमचं काही कमी होत नाही.

मालकाला लेखी कळवायचं

तिसऱ्या दिवसाच्या आत, बोलणं कितीही गोड चाललेलं असू दे, एक मेसेज जाऊ दे. भांडणाची भाषा नको. मी आता लोकांना असा लिहून देतो :

"काका नमस्कार. १३ ऑगस्टला पाणी उतरल्यावर आम्ही घर बघितलं. स्वयंपाकघराची मागची भिंत फुगलीय, वायरिंग बंद आहे, संडासचं पाणी उलटं येतंय, त्यामुळं आत्ता तिथं राहता येत नाही. फोटो पाठवलेत. आम्ही सध्या पाहुण्यांकडं आहोत, सामान आणि चावी आमच्याकडंच आहे. दुरुस्ती करून देणार असाल तर किती दिवसात ते कळवा, तोवरचं भाडं कसं करायचं तेही सांगा. कधी बघायला यायचं ते सांगा, मी हजर राहतो."

यात चावी आमच्याकडं आहे हे वाक्य गाळू नका. आणि मालकाला घर बघायचा हक्क आहे, आधी कळवून सोयीच्या वेळी तो येऊ शकतो, अडवू नका. दुरुस्तीचा अंदाज काढायला गवंडी आणायचा असतो, इन्शुरन्स असेल तर सर्व्हेअर यायचा असतो, तुम्ही कुलूप घालून बसलात तर त्याचं नुकसान वाढतं आणि दोष तुमच्याकडं येतो.

दुरुस्ती कुणी करायची, भाडं द्यायचं का

भाडेकरूंसाठी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ आहे. घर राहण्यायोग्य ठेवायची जबाबदारी मालकाची, करारात उलटं लिहून दिलं नसेल तर. म्हणून "सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी" असली ओळ सही करायच्या आधी वाचा. मालक करत नसेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी नाही केलं तर स्वतः करून खर्च भाड्यातनं कापता येतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडं ७,५०० असेल तर वर्षाचे ९०,०००, म्हणजे २२,५०० पर्यंत. वायरिंग, नळ, दरवाजा, प्लास्टर एवढ्यात बसतं, नवीन भिंत बसत नाही. बिलं पक्की घ्या, गवंड्याला रोख दिले तरी कागदावर सही घ्या.

लायसन्सी लोकांनी मात्र या कलमावर विसंबून परस्पर पैसे कापायला जाऊ नका. आधी मालकाचं मेसेजवर "करून घ्या, भाड्यात वळते करू" एवढं आलं पाहिजे.

भाडं एकदम बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. राहता येत नाही म्हणून भाडं आपोआप थांबतं असं भाडे नियंत्रण कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. थकबाकी झाली की मालक नोटीस देतो, ९० दिवस गेले की दावा लावू शकतो, मग पूर राहिला बाजूला आणि तुम्ही थकबाकीदार. मालकाशी बसून अर्धं ठरवा, दोन खोल्यातली एकच वापरतोय तर तेवढ्याचं ठरवा, आणि जे ठरेल ते बँकेतनं किंवा यूपीआयनं द्या, शेऱ्यात महिना लिहून. पावती मागायचा हक्क आहेच.

इंटरनेटवर एक गोष्ट फार फिरते, की नवीन कायद्यानं डिपॉझिट दोनच महिन्यांचं आणि पडझड झाली तर भाडं माफ. तो २०२१ चा केंद्राचा आदर्श भाडे कायदा, राज्यांनी करावा म्हणून दिलेला नमुना. आपल्याकडं १९९९ चाच कायदा चालतो. त्या नमुन्यावर मालकाशी हुज्जत घालून कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला तोंडावर पडाल.

मालकानंही काही गोष्टी करायच्या नाहीत. घर लवकर खाली व्हावं म्हणून पाणी तोडणं, लाईट तोडणं, हे १९९९ च्याच कायद्याच्या कलम २९ खाली बंद आहे. कुलूप बदलून सामान बाहेर टाकणं तर अजिबात नाही, मुदत संपलेल्या लायसन्सीलासुद्धा बाहेर काढायला सक्षम प्राधिकरणाकडं, म्हणजे यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, जावं लागतं. आणि लायसन्सीनं उलटं हे ध्यानात ठेवावं की मुदत संपून तुम्ही बसून राहिलात तर कलम २४ प्रमाणं दुप्पट दरानं पैसे लागतात. म्हणून सोडायचं असेल तर नीट सोडा.

जुन्या वाड्यातल्यांसाठी वेगळं

माझी आत्या मंगळवार पेठेत अशाच वाड्यात राहते, तिच्यासाठी हे लिहिताना जीव थोडा जास्त अडकतो. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते. नोटीस आली की घाबरून चावी देऊन टाकू नका, आणि जीव धोक्यात घालून आतही बसू नका, दोन्ही वाईट. बाहेर पडा, पण पडण्याआधी तुमच्या ताब्यातल्या खोल्यांचं मोजमाप लिहून त्यावर सही शिक्का मागा, भाड्याच्या पावत्या, लाईट बिल, नोटिशीची प्रत सगळं एका पिशवीत. घर पडलं म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला असं मालक सांगतात. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शहा रतनशी खिमजी या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं सांगितलंय की महापालिकेनं इमारत पाडली तरी तेवढ्यानं भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, खालच्या जागेचाही असतो. दुरुस्तीसाठी मालकाला घर खाली हवं असेल तर त्यानं कोर्टाकडनं तसा हुकूम घ्यायचा, आणि दुरुस्तीनंतर परत आत यायचा तुमचा हक्क राहतो. "महिनाभर बाहेर राहा, परत देतो" यावर विश्वास ठेवून तोंडी बाहेर पडलेली घरं मी तीन तरी बघितलीत, एकही परत गेलेलं नाही.

सामानाचं काय

तुमचा टीव्ही फ्रिज बुडाला म्हणून मालकाकडं पैसे मागता येत नाहीत, पूर त्यानं आणलेला नाही. हे कडू आहे पण खरं आहे. त्यासाठी स्वतःचा विमा लागतो. भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडं आहे, त्यात पूर येतो, आणि भाड्यानं राहणाऱ्याला नुसत्या घरातल्या सामानाचा विमा घेता येतो. मालकानं वास्तूचा घ्यावा. दोघांनी घेतला तर निम्मी भांडणं होतच नाहीत. जूनमध्ये पाऊस लागल्यावर नको, मार्च एप्रिलमध्येच घ्या.

सोडायचं ठरलं तर

सगळ्यात शेवटी चावी. आधी बोलणं, मग हिशेब, मग चावी, हा क्रम मोडू नका. साध्या कागदावर तारीख, मीटरचं रीडिंग, घर कोणत्या कारणानं सोडलं ते, डिपॉझिट किती आणि कधी मिळणार, काही कापलं असेल तर कशाचं, आणि दोघांच्या सह्या. शेजाऱ्याची साक्षीदार म्हणून सही मिळाली तर उत्तम. सही करायला मालक नको म्हणाले तर त्यांच्यासमोर फोटो काढून तोच मजकूर त्यांना व्हॉट्सअॅप करा आणि चावी दिली असं लिहा, तारीख वेळेसकट राहतं.

डिपॉझिट अडकलं तर स्पीड पोस्टानं पोचपावतीसह नोटीस, आणि तीन वर्षांच्या आत दावा. वकिलाला पैसे कुठनं आणू म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो त्या यादीत पूरग्रस्त असं स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट बघायची गरज नाही, बाया आणि पोरांनाही तशीच नाही. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर १५१०० वर फोन करा. जाताना पंचनाम्याची प्रत, करार, भाडं दिल्याचे बँकेचे कागद आणि त्या पहिल्या दिवशीचे फोटो प्रिंट काढून घेऊन जा, मोबाईलमध्ये दाखवतो म्हटलं तर रांगेत मागं राहता.